जा, पण आधी वर्षभर परळला बस

तुझी मेल तीनदा वाचली. पहिल्यांदा तर "आदरणीय मॅडम"पाशीच अडखळले. तुझी आत्या आणि माझी आई एका मजल्यावर राहिल्या, एका नळावर पस्तीस वर्षं भांडल्या आणि एकमेकींच्या पोरांना हक्काने जेवायलाही वाढलं. तेव्हा ताई म्हण.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. कलिन्याहून एमएस्सी स्टॅटिस्टिक्स झालं, तीन वर्षं ऐरोलीच्या एका सीआरओमध्ये, म्हणजे औषध कंपन्यांच्या ट्रायलचं काम करणाऱ्या कंपनीत, सॅस या सॉफ्टवेअरवर प्रोग्रॅमिंग करते आहेस. डोंबिवली-ठाणे-ऐरोली करून आणि तीच ती टेबलं-लिस्टिंगं काढून जीव विटलाय, आकड्यामागचा पेशंट कधी दिसत नाही. आरोग्याच्या क्षेत्रात खरं संशोधन करायचंय म्हणून बाहेर जायचंय. एमएस करू की पीएचडी, अमेरिका की इंग्लंड, बाबांनी फ्लॅट तारण ठेवून चाळीस लाख उचलावेत का. आणि सगळ्यात शेवटी, जवळजवळ ता. क. लिहावा तसं, "तिकडे गेल्यावर मुंबईतल्या हॉस्पिटलांबरोबर काम करता येतं का?"

मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. सध्या तीन आठवडे लालबागला आईकडे आहे. जेटलॅगमुळे पहाटे तीनला जाग येते आणि साडेपाचला पाणी येईपर्यंत दुसरं काही काम नसतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

२००४ साली एमएस्सी झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती परळच्या एका हॉस्पिटलात, एका प्रोजेक्टवर "स्टॅटिस्टिकल असिस्टंट" म्हणून. नाव भारदस्त, काम केस पेपर बघून एक्सेल भरायचं. हातात एक रजिस्टर दिलं. तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं झालेले पेशंट आणि प्रत्येकापुढे तो शेवटचा कधी दिसला ती तारीख. कितीतरी नावांपुढे लाल पेनाने "एलटीएफयू" लिहिलेलं, म्हणजे लॉस्ट टू फॉलोअप. कलिन्यात शिकवलं होतं की असा पेशंट "सेन्सॉर" करायचा: शेवटचा दिसला त्या दिवसापर्यंत जिवंत होता एवढं धरायचं आणि तिथून पुढे त्याला हिशेबातून बाहेर काढायचं. किती पेशंट किती काळ जगले ते दाखवणारा कॅप्लान-मायरचा आलेख १९५८ पासून असाच काढतात. त्याला एक अट आहे, की जो यायचा थांबला त्याचं पुढचं नशीब येत राहिलेल्यांसारखंच असलं पाहिजे. परीक्षेत ही अट लिहिली की दोन मार्क मिळायचे. त्यापलीकडे तिचा विचार मी कधी केला नव्हता.

सरांनी सांगितलं, दर शनिवारी बसून या लोकांना फोन लाव. पेशंट बिहारचे, उत्तर प्रदेशचे, बंगालचे. कागदावर नंबर गावच्या पीसीओचा, नाहीतर किराणा दुकानाचा. दुकानदार म्हणायचा, "रुकिए, किसी को भेजता हूँ," आणि अर्ध्या तासाने मी परत फोन लावायचे. मग कुणीतरी धापा टाकत यायचं आणि सांगायचं, "वो तो छठ के बाद ही गुजर गए." कधी खुद्द पेशंटच फोनवर यायचा, ठणठणीत, आणि मलाच विचारायचा की तिकिटाचे पैसे हॉस्पिटल देणार का. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. ठाण्या-पनवेलचे लोक यायचे थांबले तर बहुधा बरे असायचे, कामावर रुजू झालेले असायचे. दोन रात्री रेल्वेत काढून येणारे थांबले, की फोन लावताना माझा हात जड व्हायचा. शनिवारची माहिती भरून आलेख पुन्हा काढला तेव्हा तो चांगलाच खाली बसला. त्या पेशंटांचं काहीच बदललं नव्हतं, फक्त आम्हाला कळलं होतं.

पुढे अमेरिकेत माझी पीएचडी झाली ती यावरच. यायचं थांबणं आणि मरणं यांचं एकमेकांशी नातं असेल तर जगण्याचा अंदाज दुरुस्त कसा करायचा? जेम्स रॉबिन्स या संख्याशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनं लावायची एक पद्धत दिली आहे. ज्याची गळून जायची शक्यता जास्त होती तरी जो येत राहिला, त्याला जास्त वजन द्यायचं, कारण तो स्वतःसाठी आणि त्याच्यासारख्या न आलेल्यांसाठी, दोघांसाठी बोलतो. गणित मी तिकडे शिकले. पण २००८ साली प्रवेशाच्या मुलाखतीत प्राध्यापकांनी "हाच विषय का?" विचारलं, तेव्हा मी किराणा दुकानदाराची गोष्ट सांगितली आणि पुढची वीस मिनिटं तेच मला प्रश्न विचारत बसले. माझ्याबरोबर अर्ज केलेल्या कितीतरी मुलांचे मार्क माझ्यापेक्षा चांगले होते.

म्हणून माझा पहिला सल्ला, आणि बाबा चिडतील हे गृहीत धरून देते: या डिसेंबरात अर्ज करू नकोस. वर्षभर परळला बस.

परळ म्हणजे त्या दोन किलोमीटरांत काय नाही? टाटा मेमोरियल आहे, केईएम आहे, वाडिया आहे, हाफकिन आहे, प्रजनन-आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था आहे. खारघरला कॅन्सर संशोधनाचं टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक. लोकसंख्याशास्त्रात रस असेल तर गोवंडी स्टेशनवर उतरून देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्येच्या अभ्यासाची संस्था, जिथून एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी चालते, १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून. प्रोजेक्ट स्टाफच्या जाहिराती या संस्थांच्या वेबसाईटवर लागतात, करार सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो आणि पगार ऐरोलीपेक्षा नक्की कमी. हा तोटा आहे, मी तो लपवत नाही. पण चाळीस लाखांच्या कर्जापुढे वर्षभराचा तो फरक किती ते कागदावर मांडून बघ.

तिथे तुला दुपारी दोननंतर रेसिडेंट डॉक्टर गाठतील. "मॅडम, शुक्रवारी थिसिस सबमिशन आहे, तेवढी पी-व्हॅल्यू काढून द्या ना." कुणी म्हणेल, "साठ केसेस झाल्यात, सॅम्पल साईझचा फॉर्म्युला तसा बसवून द्या." इथे नाही म्हणायला शिकणं हा अर्धा अभ्यासक्रम आहे, आणि तो कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. नाही म्हणूनही त्या डॉक्टरने पुढच्या अभ्यासाच्या वेळी आधी तुझ्याकडे यावं, हा उरलेला अर्धा. मी पहिले सहा महिने फक्त नाही म्हणत होते आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. मग एका सर्जनबरोबर ओपीडीत जाऊन बसायला लागले, तेव्हा समजलं की ज्या फॉर्ममध्ये आम्ही चाळीस रकाने दिले होते तो सिस्टर एका हाताने सलाईन धरून भरत होत्या. रकाने अकरावर आणले. डेटा सुधारला, आणि सिस्टर मला चहा द्यायला लागल्या.

आकडे कसे जन्माला येतात ते तिथे दिसतं. रजिस्टरमधली वयं बघ: ४५, ५०, ५५, ६०. मधली वयं जणू कुणाला होतच नाहीत. देवनारची मंडळी याला एज हीपिंग म्हणतात आणि व्हिपल इंडेक्सने मोजतात. रक्तदाब बघ, शेवटचा आकडा शून्य. १४० च्या वर औषध सुरू करायचं असेल तर नेमके १४० वर किती पेशंट थबकलेत ते मोज, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळेल. ऐरोलीत हाच डेटा तुझ्याकडे येतो तेव्हा तो धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आलेला असतो.

आणि मुंबईत झालेले ट्रायल नीट वाच. तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांना अमेरिकेतला फ्रॅमिंगहॅमचा हृदयरोगाचा अभ्यास तोंडपाठ असतो आणि परळमध्ये काय झालं याचा पत्ता नसतो, याचा मला खरोखर राग येतो. टाटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली, व्हिनेगर म्हणजे सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघण्याची. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. सुमारे दीड लाख स्त्रिया, २० वस्त्या, त्यातल्या निम्म्या तपासणीच्या गटात. २०१३ साली निकाल जाहीर झाला: या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. बातम्यांनी दीड लाख उचलला. तुझी नजर २० वर गेली पाहिजे, कारण कुणी कुठल्या गटात जायचं याची चिठ्ठी वस्तीची निघाली होती, बाईची नव्हे. एका वस्तीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात. समज, हे साम्य अगदी किरकोळ, ०.००१ आहे. वस्तीत साडेसात हजार बायका धरल्या तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे या साम्यामुळे नमुन्याला ज्याने भागायचं तो आकडा, एक अधिक ७,४९९ गुणिले ०.००१, म्हणजे साधारण साडेआठ. दीड लाखाची किंमत अठरा हजारांहून खाली येते. हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, पण एवढा हिशेब पाकिटाच्या मागे करता येणारी मुलगी मुलाखतीत वेगळी दिसते.

त्याच वस्त्यांतला स्तनांच्या तपासणीचा वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला. सगळ्या वयांत मिळून मृत्यू १५ टक्क्यांनी कमी, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र जवळजवळ ३० टक्के, आणि तो उतरतो. आता सांग, उपगटातल्या या निकालावर सरकारला काय सल्ला देशील? मी माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न दर वर्षी घालते. जी मुलं पटकन उत्तर देतात त्यांची मला काळजी वाटते.

तिसरा, मानेच्या गाठी आधीच काढायच्या की दिसल्यावर काढायच्या, हा २०१५ चा. तोंडाच्या कॅन्सरच्या ५०० पेशंटांचं विश्लेषण, तीन वर्षांनी जिवंत राहणारे ८० टक्के विरुद्ध ६७.५. मधल्या तपासणीतच फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल लवकर थांबवला गेला. लवकर थांबवलेले ट्रायल फायदा फुगवून दाखवू शकतात, हे माहीत असूनही थांबवायचं कधी? माझं आज निम्मं डोकं याच कामात जातं, कारण ट्रायल चालू ठेवायचा की थांबवायचा ते ठरवणाऱ्या दोन समित्यांवर मी बसते.

हाफकिनच्या दारावरून जाशील तेव्हा आठव. १८९७ साली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी आपणहून पुढे आले त्यांना हाफकिनने टोचली आणि बाकीच्यांशी तुलना केली. आपणहून पुढे येणारे आणि मागे राहणारे सारखेच असतात का? माझ्या रजिस्टरातला प्रश्न, शंभर वर्षं जुना.

आता तुझे बाकीचे प्रश्न.

एमएस की पीएचडी. संशोधन करायचं असेल तर पीएचडी, आणि तेही मुख्यतः पैशासाठी. ऐकायला उलटं वाटेल. अमेरिकेत बायोस्टॅटिस्टिक्सच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर राहण्या-खाण्यापुरतं विद्यावेतन मिळतं, त्याबदल्यात शिकवायचं किंवा एखाद्या प्रोजेक्टवर राबायचं. एमएसचे पैसे बहुधा स्वतःचे. तुझ्याकडे एमएस्सी आहेच. पुन्हा तेच शिकायला बाबांचा फ्लॅट तारण ठेवू नकोस. एक लक्षात ठेव, एनआयएच म्हणजे आरोग्य-संशोधनाला पैसे देणारी अमेरिकन सरकारी संस्था, तिच्या ट्रेनिंग ग्रँट तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात. आपल्याला प्राध्यापकाच्या प्रोजेक्टमधून पैसे मिळतात, म्हणून कुठल्या प्राध्यापकाकडे चालू अनुदान आहे ते अर्जाआधी बघायचं. ते सगळं सार्वजनिक असतं. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, शिफारसपत्रं तीन. त्यांतलं एक तुझ्याबरोबर ओपीडीत बसलेल्या डॉक्टरचं असलं तर सोन्याहून पिवळं. आणि रिअल अ‍ॅनालिसिस पुन्हा कर. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत आपली मुलं अडकतात ती तिथेच. कलिन्याची थिअरी एरवी भक्कम आहे, राव-ब्लॅकवेलचं प्रमेय वगैरे तू तिकडच्या मुलांना शिकवशील.

पण पगार, स्थैर्य आणि लवकर घर हे मनात असेल तर एमएस करून फार्मा कंपनीत जाणं किंवा आहेस त्याच लाईनमध्ये वर चढणं हा चांगला मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. माझी एक मैत्रीण तसंच करते, आणि तिच्या सुट्ट्या सुट्ट्यांसारख्या जातात.

कारण माझ्या नोकरीचं आतलं गणित कुणी सांगत नाही. तिकडे मेडिकल कॉलेजातल्या बायोस्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकाच्या पगाराचा मोठा भाग विद्यापीठ स्वतःच्या खिशातून देत नाही, तो ग्रँटमधून गोळा करावा लागतो. माझं वर्ष असं कापलेलं आहे: कॅन्सर सेंटरला ३० टक्के, एचआयव्हीच्या एका अभ्यासाला २५, किडनीच्या डॉक्टरांना २०, शिकवायला १५. उरलेले दहा माझ्या स्वतःच्या संशोधनाचे, जे रविवारी होतं. एखादी ग्रँट संपली की तेवढे टक्के उघडे पडतात आणि ते भरायला नव्या डॉक्टरच्या दारात जायचं. म्हणजे परळसारखंच, फक्त चहाऐवजी कॉफी. डॉक्टरांशी जुळवून घेणं तिथे पोटापाण्याचा भाग आहे. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार असलेली दोन मुलं याच एका कारणाने बाहेर पडलेली मी पाहिली.

२०२५ मध्ये तर हे सगळं हललं. एनआयएचची चालू अनुदानं मधेच बंद झाली, काही विभागांनी त्या वर्षी पीएचडीच्या जागा कमी केल्या. सप्टेंबरात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. विद्यापीठांना एच-वन-बीच्या लॉटरीतून सूट आहे, हा आपल्यासारख्यांचा आजवरचा मोठा आधार होता, पण शुल्क हे वेगळं प्रकरण आहे. पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे तिथे नोकरी करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि स्टेमच्या म्हणजे विज्ञान-गणिताच्या यादीतल्या विषयांना आणखी दोन, त्या यादीत बायोस्टॅटिस्टिक्स आहे. ग्रीन कार्डसाठी भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांच्या पुढची. हे नियम तू अर्ज करशील तेव्हा असेच असतील असं समजू नकोस, अधिकृत वेबसाईट बघ. एजंटचं ऐकू नकोस. ठाण्यात स्टेशनबाहेर जे बोर्ड लागलेत त्यांतल्या एकानेही मला कधी सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस म्हणजे काय ते सांगितलेलं नाही.

इंग्लंडबद्दल मला ऐकीव नि कामापुरतं माहीत आहे. एमएस्सी एका वर्षात होते, लंडन स्कूल ऑफ हायजीन आणि लेस्टरला मेडिकल स्टॅटिस्टिक्सचे चांगले कोर्स आहेत. ट्रायलचा संख्याशास्त्रज्ञ तिथे पहिल्या दिवसापासून टेबलाशी असतो. १९४८ चा स्ट्रेप्टोमायसिनचा ट्रायल त्यांनी केला, ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीने, आणि त्यांच्याच मेडिकल रिसर्च काउन्सिलने आयसीएमआरबरोबर मद्रासला टीबीचं केंद्र काढलं. घरी राहून औषध घेणारा टीबीचा पेशंट सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो, हे १९५९ साली मद्रासने जगाला दाखवलं. ती परंपरा अजून टिकून आहे. फीचे पैसे मात्र आपले, आणि २०२४ पासून शिकवण्याच्या मास्टर्सला नवरा किंवा बायको सोबत नेता येत नाही. तुझं लग्न जमवायचं चाललंय असं आत्या म्हणाली म्हणून लिहिलं, माझा त्यात काही आग्रह नाही. बेल्जियमचं हासेल्ट विद्यापीठही बघ. डेटा गहाळ असताना काय करायचं, या विषयात त्यांचं मोठं नाव आहे आणि फी इंग्लंडच्या मानाने फारच कमी. आपल्याकडच्या मुलांना ते सुचतच नाही.

आता पुन्हा मुंबईकडे.

हो, काम करता येतं. मी गेली अकरा वर्षं करते आहे. पण "तिकडून डेटा मागवला आणि पेपर लिहिला" असं ते होत नाही, आणि होऊही नये. परदेशी संस्थेचा पैसा किंवा सहभाग असला की इथल्या एथिक्स कमिटीच्या पुढे आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, तिचा कारभार आयसीएमआरमधून चालतो. ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या ट्रायल-नोंदवहीत नोंदणी. दोन्ही बाजूंच्या वकिलांचा डेटा वापरायचा करार. आमच्या पहिल्या करारावर सह्या व्हायला चौदा महिने गेले, त्यातले पाच "ही माहिती कुणाच्या मालकीची" या एका वाक्यावर. मला तेव्हा वैताग आला होता. आज वाटतं, इथले लोक बरोबर अडून बसले होते. मे २०२५ मध्ये एनआयएचने मूळ ग्रँटमधून परदेशी संस्थेला पोटअनुदान द्यायची जुनी पद्धत थांबवली, तेव्हा आमचं एक काम अर्ध्यात अडकलं. ते टिकलं ते केवळ इथल्या डॉक्टरांनी फॉलोअपच्या फोनचं काम स्वतःच्या विभागात सामावून घेतल्यामुळे. वीस वर्षांपूर्वी एका एक्सेलवरून माझ्याशी भांडलेले रेसिडेंट आज विभागप्रमुख आहेत. मी त्यांना मेल करत नाही, फोन करते. परळचं वर्ष असंही कामी येतं.

माझी एक फजितीही सांगते. मुंबईहून तारखा आल्या, आपल्या पद्धतीने आधी दिवस मग महिना. तिकडच्या संगणकाने त्या आधी महिना मग दिवस अशा वाचल्या. १२ च्या पुढच्या तारखा त्याला समजल्या नाहीत, त्या लाल झाल्या, आम्ही हाताने सुधारल्या आणि खुश झालो. पण १ ते १२ मधल्या गुपचूप उलटल्या. ३ एप्रिलचा ४ मार्च झाला आणि कुणी ओरडलं नाही. तीन महिन्यांनी एक पेशंट ऑपरेशनच्या आधीच घरी गेलेला सापडला तेव्हा उलगडा झाला. कॉन्फरन्सला पाठवलेला सारांश मागे घेतला, आणि मुंबईच्या मंडळींना फोन करून सांगताना माझी जीभ जड झाली होती, कारण चूक आमच्या टोकाची होती. ऐरोलीत एसडीटीएममध्ये, म्हणजे ट्रायलचा डेटा मांडायच्या त्या ठरीव साच्यात, वर्ष-महिना-दिवस असंच लिहा म्हणून मागे लागतात त्याचा तुला कंटाळा येतो ना? मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच शिकवते. तुझी तीन वर्षं वाया गेलेली नाहीत. डेटाची शिस्त तुला तिकडच्या पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षा जास्त आहे, अर्जात ते ठसठशीत लिही. फक्त सॅसबरोबर आर हे सॉफ्टवेअर पक्कं कर, विद्यापीठात सगळे तेच वापरतात.

नावाचं आधीच ठरवून घे. पेपरवर पहिलं नाव काम करणाऱ्या डॉक्टरचं, शेवटचं मोठ्या डॉक्टरचं, आपलं मधे कुठेतरी. इकडे तर पूर्वी आपल्याला तळाशी "आभार" मिळायचे. तुझं आखणीत आणि लिखाणात काम असेल तर लेखकांच्या यादीत नाव हे पहिल्या बैठकीतच बोल, चहा संपायच्या आत. नंतर बोललीस की ते मागितल्यासारखं वाटतं.

परत येण्याबद्दल तू विचारलं नाहीस, आईने विचारलं. दर खेपेला विचारते. मी तिला बुध गावच्या पांडुरंग सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञाचं सांगते. साताऱ्याकडचा मुलगा लंडनला नेमन आणि पिअरसन या नामवंत संख्याशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकला, परत येऊन इथे शेतीची सर्वेक्षणं उभी केली, मग रोमला अन्न आणि शेती संघटनेत गेला आणि निवृत्तीनंतर पुण्याला येऊन अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी वाद घालत बसला, की माणसाची रोजची उष्मांकांची गरज स्वतःशीच कमीजास्त होत असते, मग सरासरीवर रेघ ओढून तिच्या खालच्या सगळ्यांना उपाशी का मोजता? रेघ कुठे ओढायची यावर देशातले किती लोक उपाशी ठरतात हे अवलंबून होतं. आई म्हणते, "म्हणजे तू निवृत्त झाल्यावर येणार." तिचा तर्क मला खोडता आलेला नाही.

साडेपाच झाले, नळाचा आवाज आला.

मी पुढच्या महिन्याच्या सहा तारखेपर्यंत इथे आहे. रविवारी सकाळी ये, करी रोडला उतर, पुढचं आत्या सांगेल. येताना तुझा सीव्ही आणू नकोस. टाटाच्या त्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या निकालावर एक पानभर लिहून आण, हाताने, मराठीत चालेल. आणि मंगळवारी मी परळला जाणार आहे, दुपारी दोनला, त्या विभागप्रमुखांकडे. त्यांना एक माणूस हवाय, फोन लावायला.